कलविंकाची पाठ

कृतयुग अजून पुरते सरले नव्हते आणि पर्वतांना पंख होते, त्या काळातली ही कथा आहे. आज आपण एखाद्याला ‘पर्वतासारखा अचल’ म्हणतो तेव्हा ती स्तुती असते. त्या काळी कोणी असे म्हटले असते तर ऐकणाऱ्याला हसू आले असते, कारण पर्वतांइतके चंचल तेव्हा त्रिभुवनात दुसरे काही नव्हते. सकाळी उत्तरेस झळकणारी शिखरे संध्याकाळी दक्षिणेस उतरत, नद्यांना आपला उगम आज कुठे गेला म्हणून शोध घ्यावा लागे, आणि वेदघोषाने निनादणाऱ्या आश्रमावर अकस्मात सावली पडली की तपस्वी मान वर करून पाहत, हा मेघ आहे की शैल. त्यांचे ठरेपर्यंत बहुधा शैल खाली आलेला असे.

तेव्हा देवेंद्राने वज्र उचलले. इंद्राचे यात चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याच्या राज्यात गावेच्या गावे डोंगराखाली जातात, त्याने हातावर हात ठेवून बसावे काय? पण शिक्षा करणाऱ्या हाताला एकदा वेग आला की तो अपराधी कोण आणि अजाण कोण हे पाहत नाही, आणि सुक्याबरोबर ओलेही जळते. माजलेल्या महापर्वतांचे पंख तुटले, तसे निरुपद्रवी टेकड्यांचेही तुटले. तुटलेले पंख मेघ होऊन आकाशात भटकू लागले आणि पर्वत जिथे पडले तिथेच कायमचे रुजले.

पश्चिम समुद्राच्या काठी अशीच पडलेली एक पर्वतमाता होती, तिचे नाव धारिणी. तिचा धाकटा मुलगा इतका लहान होता की इतर पर्वत त्याला थट्टेने कलविंक, म्हणजे चिमणी, म्हणत, आणि पुढे तेच त्याचे नाव झाले. त्याने आयुष्यात कोणाच्या झोपडीवर पाय ठेवला नव्हता. फार तर एखाद्या तळ्यात उतरून त्याने ते रिकामे केले असेल. वज्र आपल्या मुलाच्या दिशेने वळते आहे असे पाहून धारिणीने रक्ताळलेल्या पाठीने त्याला समुद्राकडे ढकलले आणि एवढेच सांगितले, “पंख पाण्याखाली ठेव. कोणाला नाव सांगू नकोस.”

वरुणाने त्या पोराला पदराखाली घेतले. इंद्र किनाऱ्याशी येऊन थांबला, तेव्हा दोघा देवांत जे बोलणे झाले त्यातच पुढच्या सगळ्या अनर्थाचे बीज आहे. वरुणाने बजावले की माझ्या पाण्यात शिरला तो माझा शरणागत, इथे तुझे वज्र चालायचे नाही. इंद्र म्हणाला, मान्य. परंतु मी यज्ञाचा अधिपती आहे, जिथे स्थळाचे नाव उच्चारून माझ्या प्रीत्यर्थ आहुती पडेल तिथे शस्त्रासह जाण्याचा माझा अधिकार तुलाही नाकारता येणार नाही. वरुणाने तोही मान्य केला. भर समुद्रात यज्ञ मांडायला कोण येणार, असे त्याला वाटले. शिवाय त्या किनाऱ्याला लागून बेटे पुष्कळ होती, आणि त्यांतले कोणते खरे बेट आणि कोणता दडलेला पर्वत हे एका वरुणावाचून कोणाला ठाऊक नव्हते.

अशा रीतीने कलविंक बेट झाला. त्याचे मस्तक तेवढे पाण्यावर राहिले. त्यावर उंडीची झाडे वाढली, उतारावर केवडा माजला, वरुणाच्या कृपेने खडकातून गोड्या पाण्याचा झरा फुटला. एका बाजूला उभा कडा होता आणि त्या कड्यात दोन खोल गुहा होत्या. ते त्याचे डोळे. पंख त्याने पाण्याखाली मिटून ठेवले होते. पक्षी त्याच्या अंगावर घरटी बांधत, मगरी उन्हाला येऊन पडत, आणि तो कोणाशी एक अक्षर बोलत नसे.

त्या बेटावर एके दिवशी पौष्पायन नावाचे मुनी आले. हे गृहस्थ विद्वान होते, सत्यवचनी होते, आणि हट्टी होते. त्यांनी एकासनव्रत घेतले होते. एकदा आसन मांडले की देह पडेपर्यंत ते सोडायचे नाही, आणि आसनावरची दिशाही बदलायची नाही. व्रत ऐकायला सोपे वाटते. पण द्विजाला सकाळची संध्या पूर्वेला तोंड करून करावी लागते आणि सायंसंध्या पश्चिमेला. दिशा बदलली तर व्रत मोडते, न बदलली तर संध्या मोडते. त्यांच्या गुरूंनी हे ऐकून हसून म्हटले होते, बाबा रे, सूर्यालाच एका जागी थांबायला सांग. पौष्पायनांनी अनेक अरण्यांत, अनेक नदीकाठी आसन मांडले होते आणि प्रत्येक ठिकाणी संध्याकाळी त्यांना वळून बसावे लागले होते. या निर्जन बेटावर ते शेवटचा प्रयत्न म्हणून आले होते. माथ्यावर, एका जुन्या उंडीखाली, त्यांनी दर्भ पसरले, पूर्वाभिमुख होऊन सकाळची संध्या केली, आणि दिवस कलू लागला तसे त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

तेव्हा त्यांच्या खालून, दगडातून, कोवळा आवाज आला, “मुनिवर, आपण हलू नका. मी वळतो.”

आणि बेट वळले. पाण्याखाली दोन पंख हळूच उघडले, आणि मावळतीचा सूर्य मुनींच्या बरोबर समोर आला. मुनींनी अर्घ्य दिले. मग त्यांनी विचारले, तू कोण? जो कोणाशी बोलत नव्हता त्या मुलाने सगळे सांगितले: आई, वज्र, वरुण, आणि शेवटी आपले नावही. ऐकून मुनींनी आसनाशेजारच्या झऱ्याचे पाणी हातात घेतले आणि शपथ वाहिली, “वत्सा, तुझे नाव मी कोणाला सांगणार नाही.” कलविंक म्हणाला की शपथेची गरज नव्हती, मला आपला विश्वास आहे. लहान मुले असेच बोलतात.

त्या दिवसापासून त्या दोघांचा जो संसार सुरू झाला, त्याचे वर्णन केल्यावाचून मला पुढे जाववत नाही. मुनी ज्या दिशेला पाहत त्याच दिशेला कड्याचे तोंड होते, म्हणून दोघांना नेहमी एकच दृश्य दिसे. पहाटे बेट पूर्वाभिमुख असे. समोर किनाऱ्याची लांबच लांब रेघ, तिच्यावर पांढरी वाळू, वाळूच्या मागे झाडांची काळोखी, आणि सर्वांच्या मागे एकामागे एक उभ्या असलेल्या पर्वतरांगा. त्यांतल्या सर्वांत पुढच्या, रुंद खांद्यांच्या, मध्यभागी खाच असलेल्या पर्वतावर सूर्याचा पहिला किरण पडे. ती धारिणी. तिच्या कुशीतून निघालेली नदी तांबूस पाणी घेऊन समुद्राला मिळे, आणि निळ्या पाण्यात ते तांबडेपण कितीतरी दूरवर वेगळे ओळखू येई. कलविंक रोज विचारी, “मुनिवर, आई दिसते ना?” त्याला ती दिसतच असे. पण आपल्याला दिसते ते दुसऱ्यालाही दिसते आहे, हे ऐकण्यात एक सुख असते. मुनी म्हणत, “दिसते. आज उन्हात न्हाली आहे.”

मग बेट सावकाश दक्षिणेकडे वळू लागे. भूशिरांमागून भूशिरे समुद्रात उतरलेली, जवळचे हिरवे, त्यापलीकडचे निळे, त्यापलीकडचे धुरकट, आणि शेवटचे आहे की नाही याचा संशय यावा असे. त्यांच्या पायथ्याशी लाटा फुटत, पण इतक्या दूरवरून त्यांचा आवाज येत नसे, नुसती पांढरी किनार हलताना दिसे. माध्यान्हाला भरती भरली की कलविंकाचे पंख दमत, तो डोळे मिटून थोडा विसावा घेई. तिसऱ्या प्रहरी पुन्हा वळणे सुरू होई, आणि संध्याकाळी समोर काहीच नसे, फक्त पाणी, आणि पाण्याच्या टोकाला सूर्य. रात्रभरात उत्तरेकडच्या लहान लहान बेटांवरून, पक्ष्यांनी पांढऱ्या केलेल्या खडकांवरून फिरत ते पुन्हा आईसमोर येत. एका आसनावर बसून सबंध क्षितिज पाहणारा तपस्वी त्यापूर्वी झाला नव्हता, आणि कलविंकाचे म्हणाल तर ज्याला उडायची बंदी होती त्याचे ते गोल फिरणे हेच उडणे होते.

मुनी होम करीत. समिधांची चिंता नव्हती. धारिणीच्या उतारावरचे पळस आणि उंबर यांच्या वाळक्या काटक्या नदीतून वाहत येत, भरती त्या बेटाला लावी, आणि समुद्रपक्षी त्या चोचीने उचलून मुनींच्या हाताशी ठेवीत. आईच मुलाच्या घरी सरपण पाठवी म्हणा ना. पण या होमात एक उणीव होती. कोणतेही कर्म करताना हातात उदक घेऊन संकल्प करावा लागतो, आणि संकल्पात कर्त्याच्या नावाबरोबर स्थळाचाही उच्चार करावा लागतो. स्थळाचा उच्चार म्हणजे कलविंकाचे नाव. म्हणून पौष्पायन संकल्पच करीत नसत, आणि संकल्पाविना केलेल्या कर्माचे फळ कर्त्याच्या पदरी पडत नसते.

पहिली अनेक वर्षे त्यांना याचे काही वाटले नाही. मला फळ नको, मला हे क्षितिज पुरे, असे ते म्हणत, आणि ते खरेही होते. पण माणूस म्हातारा झाला की त्याला आपले कोठे नोंदले गेले आहे की नाही याची काळजी लागते. ज्याचे तप फळाला येई तो आकाशात तारा होई. सायंसंध्येनंतर पश्चिमेच्या आकाशात अधूनमधून एखादा नवा तारा दिसे, आणि मुनी त्याला ओळखत. हा आपल्याच गुरुकुलातला धाकटा, याला स्वर नीट लावता येत नव्हते. तो दुसरा, त्याने तर चार पावसाळेही तप केले नाही. कानामागून आले आणि तिखट झाले. मुनी काही बोलत नसत, पण कलविंकाला ते बोलत नाहीत एवढे कळे. तो विचारी, आपल्याला बरे वाटत नाही का? मुनी म्हणत, बरे आहे.

एका माध्यान्ही, कलविंक डोळे मिटून विसावला असताना, उंडीच्या सावलीत एक ब्राह्मण अतिथी येऊन उभा राहिला. निःशस्त्र होता. त्याच्या गळ्यातली माळ भर उन्हात कोमेजली नव्हती, त्याचे पाय भुईला टेकत नव्हते, आणि तो पापणी लववीत नव्हता. देव ओळखायच्या या खुणा पौष्पायनांनी स्वतःच शिष्यांना शिकवल्या होत्या. त्यांनी अतिथीला ओळखले, आणि ओळखले नाही असे दाखवून पक्ष्यांनी आणलेली फळे त्याला दिली. कथेतला हा क्षण मला फार महत्त्वाचा वाटतो. पुढे जे झाले ते फसवणुकीने झाले असे म्हणणारे लोक आहेत; मी त्यांच्यातला नाही.

फळे खाऊन अतिथीने सहज विचारले, “मुनिश्रेष्ठा, आपला होम कुठे चालतो?”

“इथे.”

“‘इथे’ या नावाचे स्थळ स्वर्गात कोणाच्या ऐकिवात नाही. आपल्यासारख्याची आहुती बेवारशी जाते, हे पाहून आम्हाला वाईट वाटते. सप्तर्षींच्या जवळ एक आसन रिकामे आहे. तिथून एक किनारा नाही, सप्तद्वीपा पृथ्वीचे सगळे किनारे एकाच दृष्टीत दिसतात. केवळ एक संकल्प हवा, आणि इंद्राच्या नावे एक आहुती.”

“मी शब्द दिला आहे. नाव कोणाला सांगणार नाही, असा.”

“मग सांगू नका. संकल्प कोणाला सांगायचा असतो? तो तर मनुष्य स्वतःलाच सांगत असतो.”

पौष्पायनांनी मान वर केली. समोर दक्षिणेची भूशिरे उन्हात तरंगत होती. इतकी वर्षे त्यांच्याकडे पाहून पोट भरले नव्हते, आज ती प्रथमच थोडकी वाटली. त्यांनी खालच्या आवाजात विचारले, “त्याला काही अपाय होणार नाही ना?”

“मी अतिथी आहे,” तो म्हणाला. “अतिथीला असे प्रश्न विचारू नयेत.”

मुनींनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. अतिथी जाता जाता म्हणाला की आज सूर्यास्ताचा मुहूर्त उत्तम आहे, आणि तो दिसेनासा झाला.

संध्याकाळ झाली. कलविंक नेहमीप्रमाणे हळूहळू पश्चिमेला वळला. समुद्र तेलासारखा शांत होता, सूर्य पाण्याला टेकला होता, आणि पाण्यावरून तांबडी वाट थेट बेटापर्यंत आली होती. मुनींनी कुंडात समिधा रचल्या. पळसाच्याच होत्या, धारिणीच्या उतारावरच्या. स्वर शुद्ध होता. त्यांचे स्वर कधीच चुकत नसत. उजव्या तळहातावर झऱ्याचे पाणी घेऊन ते म्हणाले, “पश्चिम समुद्रात, कलविंक पर्वताच्या मस्तकावर, मी पौष्पायन देवराज इंद्राच्या प्रीत्यर्थ हा होम करतो.” आणि त्यांनी उदक सोडले.

आईपासून तुटल्या दिवसापासून त्या मुलाला कोणी नावाने हाक मारली नव्हती. मुनीही ‘वत्सा’ म्हणत. स्वतःचे नाव कानी पडताच त्याला इतका आनंद झाला की त्याने पाण्याखालचे दोन्ही पंख फडफडवले, आणि सगळा समुद्र उजळून निघेल अशा आवाजात तो म्हणाला, “काय मुनिवर?”

आहुती अग्नीत पडली होती. आकाश मध्यातून दुभंगले. पूर्वी महापर्वतांवर पडताना जे गर्जत असे ते वज्र या वेळी मुकाट्याने आले, इतकी त्याची वाट मोकळी होती. उत्तरेकडचा पंख मुळापासून तुटला, मग दक्षिणेकडचा. समुद्र माडाएवढा उंच उसळला, किनाऱ्यावरची वाळू धुऊन निघाली, आणि नदी काही काळ उलटी, आईच्या दिशेने वाहिली. तुटलेले पंख पाण्यात बुडाले ते आजही बेटाच्या दोन बाजूंना खडकांच्या रांगा होऊन पडले आहेत. ओहोटीला ते उघडे पडतात आणि होड्या त्यांना जपून जातात.

मग सर्व शांत झाले. इंद्र निघून गेला. मुनी आसनावर तसेच बसून होते. बेट वळेल, उत्तरेची बेटे दिसू लागतील, म्हणून ते सवयीने वाट पाहत राहिले. समोरचे पाणी काळे झाले, चांदण्या फिरल्या, पण समोरचे पाणी बदलले नाही. अखेर त्यांच्या पाठीवर ऊन पडले. सूर्य मागे उगवला होता. अर्घ्य द्यायचे तर उठावे लागणार होते. ज्या व्रतासाठी त्यांनी सारे आयुष्य घातले होते ते त्या पहाटे मोडले आणि ते उठून उभे राहिले.

“मुनिवर,” खालून आवाज आला. आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता. “सकाळ झाली का?”

“झाली.”

“आई दिसते का?”

पौष्पायन वळले. धारिणी उन्हात उभी होती. त्यांनी सांगितले, “दिसते.”

कलविंक म्हणाला, “नाव घ्यायचेच होते तर सकाळपर्यंत थांबायचे होते, मुनिवर. माझे तोंड आईकडे राहिले असते.”

मुनींनी कपाळ खडकावर टेकले. मी दुष्ट हेतूने केले नाही, असे ते म्हणणार होते. शपथेचे शब्द मोडले नाहीत, असेही म्हणणार होते. त्यांना वाङ्मय सगळे पाठ होते, पण त्यातले एक वाक्य जिभेवर येईना. कारण हा घाव शत्रूने घातला नव्हता. ज्याच्यासाठी त्या मुलाने वर्षानुवर्षे रोज एक फेरी घातली, त्या माणसाने केसाने गळा कापला होता, आणि तोही मुहूर्त पाहून.

त्याच वेळी पाणी दुभंगून पाशधारी वरुण वर आला, आणि आकाशातून दिव्य आसन घेऊन एक विमान उतरू लागले. वचनाप्रमाणे इंद्राने ते धाडले होते. इंद्र असल्या बाबतीत चोख असतो. वरुणाने हात उचलला आणि विमान हवेत थिजले.

“पौष्पायना,” वरुण म्हणाला, “शब्द मोडला असे म्हणून तुला दंड करावा, तर तू तो इतका जपून वापरलास की त्याला तडाही गेला नाही. माझ्याच झऱ्याचे पाणी तू शपथेसाठी हातात घेतलेस, आणि त्याच झऱ्याचे पाणी आज सोडलेस. ज्याच्या मस्तकावर बसून तू आसनाचे व्रत केलेस, त्यानेच आता तुझी शिक्षा ठरवावी. कलविंका, शाप दे. मी तो खरा करीन.”

“मला शाप देता येत नाही,” कलविंक म्हणाला. “आईने शिकवला नाही. मला फक्त पूर्वेकडचे कोणीतरी सांगायला हवे. इतके दिवस मी त्यांना फिरवले. आता त्यांनी माझ्यासाठी फिरावे.”

वरुणाने त्याचे शब्द तसेच शापात घातले. “तथास्तु. पक्षी हो, याच्याभोवती फिरत राहा, आणि जे दिसेल ते याला सांग. या बेटावर तुला पुन्हा कधी बसायला मिळणार नाही.” विमान रिकामेच परत गेले. मुनींच्या देहाला पांढरे पोट आणि राखी पंख फुटले, आणि ज्याला किनाऱ्यावरचे लोक काकण म्हणतात तो समुद्रगरुड होऊन ते वाऱ्यावर चढले.

इथे कथा संपायला हरकत नव्हती. अपराध झाला, शाप झाला, उःशापाची आशा कोणी मागितली नाही. पण विश्वासघाताची एक खोड अशी की तो एकदा होऊन संपत नाही.

पहिले काही दिवस काकण इमानाने सांगत असे. पूर्वेच्या बाजूला जाऊन आईला पाहावे, फेरी पुरी करून कड्यासमोर यावे आणि ओरडावे: दिसते, नदीला पाणी आले आहे, खाचेत ढग अडकला आहे. कलविंक ऐकून घेई. हळूहळू तो एखादा प्रश्नही विचारू लागला. काकणाला वाटले, फाटलेले सांधते आहे.

मग हिवाळ्यात एका सकाळी दाट धुके पडले. पक्षी पूर्वेला गेला, तर पर्वत नाही, किनारा नाही, नदी नाही, सगळे पांढरे. तो परत आला तेव्हा कलविंकाने आपणहून विचारले, फार दिवसांनी, “आई दिसते ना?” आणि त्या म्हाताऱ्या जिवाला ‘नाही’ म्हणवेना. इतके दुःख दिले, त्यात आणखी एका सकाळचे कशाला, असे त्याच्या मनात आले. तो म्हणाला, “दिसते. उन्हात न्हाली आहे.”

कलविंकाच्या मस्तकावरच्या उंडीच्या पानांवरून धुक्याचे थेंब ठिबकत होते. कड्यावरून ओल उतरत होती. त्याला धुके पडले आहे हे ठाऊक होते.

“असेल,” तो म्हणाला. “आपण सांगता आहात.”

त्यानंतर त्याने त्या पक्ष्याला कधी काही विचारले नाही. काकण अजूनही फिरतो, अजूनही सांगतो, आणि त्या दिवसानंतर त्याने एकही खोटा शब्द उच्चारला नाही. पण आज तो खरे बोलतो आहे की दयेने बोलतो आहे, हे ऐकणाऱ्याला कसे कळावे? किनाऱ्यावर धारिणीला इतक्या युगांत मुलाची फक्त पाठ दिसते, आणि मुलाला फक्त मावळतीचे पाणी.

पुष्कळ काळाने त्या किनाऱ्यावर माणसे आली, त्यांनी होड्या केल्या. पहिली होडी बेटाला वळसा घालून मासेमारीला निघाली, तो दिवसही धुक्याचा होता. होडीत म्हाताऱ्याबरोबर त्याची सून होती, सुकाण तिच्या हाती होते. घर कोणत्या दिशेला राहिले म्हणून म्हाताऱ्याने विचारले असावे. तिने मागे वळून पाहिले आणि मोठ्याने, म्हणजे आजच्या बोलीत सांगायचे तर अशा शब्दांत, सांगितले, “आज डोंगर काय दिसणा नाय. धुक्यान धरल्यान.”

होडी तोवर कड्याच्या समोर आली होती. वाराही पडलेला होता. ज्याला कलविंकावर दया करायचे कारण नव्हते अशा त्या आवाजाने कड्याखालची खळबळ एकाएकी निवली, आणि होडी त्या निवळलेल्या पाण्यातून सुखरूप पुढे गेली.

तेव्हापासून तिथे रीत पडली आहे. बेटाला वळसा घालणाऱ्या होडीतल्या एकाने किनाऱ्याकडे नीट पाहायचे आणि कड्यासमोर आल्यावर जे दिसले ते मोठ्याने सांगायचे. देवाचे नाव घेतले नाही तरी चालते, नारळ विसरला तरी चालतो, पण तिथे लटके बोललेले चालत नाही. धुके असले तर ‘दिसत नाही’ म्हणतात, अर्धा डोंगर दिसला तर अर्धा सांगतात. आणि ज्या सकाळी हवा स्वच्छ असते, त्या सकाळी ‘आज डोंगर दिसतो’ एवढे शब्द ऐकले की कड्यातल्या त्या दोन गुहांतून पाणी पाझरू लागते. वर काकण घिरट्या घालीत नेमके तेच ओरडत असतो.